विमाने मोजली, वैमानिकांच्या मानेचे काय?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे हवाई दलाने मिग-२१ विमानांना अखेरचा निरोप दिला आणि लढाऊ स्क्वाड्रनची संख्या २९ वर आली. मंजूर संख्या ४२ आहे. या दोन आकड्यांतील अंतराविषयी तेव्हापासून पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. निरोपाच्या आदल्या दिवशी ९७ तेजस मार्क-१ए विमानांसाठी ६२,३७० कोटी रुपयांचा करार झाला. त्यानंतर १७ ऑक्टोबर रोजी नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तेजसच्या तिसऱ्या उत्पादन मार्गिकेचे उद्घाटन झाले. १९६४ पासून मिग आणि पुढे सुखोई बांधणाऱ्या ओझरच्या कारखान्यासाठी हा नवा अध्याय आहे. विमाने किती, इंजिने केव्हा येणार, क्षेपणास्त्रे कोणती, हा सारा हिशेब वर्तमानपत्रांतून रोज मांडला जातो. त्या हिशेबात विमान चालविणाऱ्याची मान मात्र कोणी धरत नाही.

विषय ऐकताना किरकोळ वाटतो. मान कोणाची दुखत नाही? संगणकापुढे बसणाऱ्यांची दुखते, मोबाइलमध्ये डोके घालून बसणाऱ्यांची दुखते, दुचाकीवरून खड्डे चुकवीत कचेरी गाठणाऱ्यांचीही दुखते. गळ्यात पट्टा बांधलेला माणूस तर आपल्याकडे सहानुभूतीपेक्षा थट्टेचाच धनी होतो. लढाऊ वैमानिकाचे दुखणे मात्र जातीनेच निराळे आहे. ज्या क्षणी मान वळविता आली नाही तर मागून येणारे शत्रूचे विमान दिसणार नाही, नेमक्या त्याच क्षणी त्याच्या मानेवर सर्वाधिक भार असतो.

हा भार किती, हे समजून घेणे कठीण नाही. माणसाच्या डोक्याचे वजन साधारणत: साडेचार ते पाच किलो असते. हेल्मेट, प्राणवायूचा मुखवटा आणि हेल्मेटवर बसविलेली उपकरणे यांची त्यात दोनेक किलोंची भर पडते. जमिनीवर हे सात किलो मानेचे सात मणके आणि त्यांभोवतीचे स्नायू विनातक्रार पेलतात. विमान वेगात असताना तीव्र वळण घेते, तेव्हा वैमानिक आसनात दाबला जातो आणि त्याच्या शरीराचा प्रत्येक भाग कित्येक पटींनी जड होतो. ही पट 'जी' या एककात मोजतात. सुखोई-३० एमकेआय, मिग-२९, राफेल ही विमाने ९ जीपर्यंत वळू शकतात. म्हणजे सात किलोंचे त्रेसष्ट किलो झाले. हिंगोली-वसमतच्या बाजारात हळदीची पोती वाहणारा हमालही ओझे डोक्यावर घेताना मान सरळ ठेवतो, कारण वाकड्या मानेवर ओझे घेतले तर काय होईल हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. वैमानिकाला ती मुभा नसते. हवाई द्वंद्वात प्रतिस्पर्धी बहुधा मागच्या बाजूला, वैमानिकांच्या भाषेत 'सहा वाजताच्या' दिशेला असतो. त्याला नजरेत ठेवायचे तर मान पूर्ण वळवून, किंचित मागे टाकून पाहावे लागते. अशा स्थितीत भार मणक्यांवरून सरळ खाली उतरत नाही. तो एका बाजूच्या सांध्यांवर, अस्थिबंधांवर आणि दोन मणक्यांमधील गादीच्या एकाच कडेवर एकवटतो. स्नायू थकलेले असतील तर कधी चमक भरते, कधी मान आखडते, आणि अशी वर्षे साठत गेली की गादी झिजते.

दोन आसनी विमानात मागे बसणाऱ्याची अवस्था आणखी अवघड असते. सुखोई-३० एमकेआय हे असेच दोन आसनी विमान आहे. पुढचा वैमानिक स्वत: विमान वळवीत असल्याने झटका केव्हा येणार हे त्याला ठाऊक असते आणि तो मान आधी सावरून घेतो. मागचा अधिकारी त्याच वेळी पडद्यावर वाकलेला असू शकतो. शिकाऊ वैमानिकाबरोबर उडणाऱ्या प्रशिक्षकालाही हाच धोका असतो. शिवाय आजच्या संगणकनियंत्रित विमानांत 'जी' चढतो तो फार झपाट्याने. जुन्या विमानांत स्नायूंना मिळणारा सावरण्याचा अवधी आता उरलेला नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा पहिला पत्ता पुण्याच्या लोहगाव तळाचा. मिग-२९ विमाने १९८७ मध्ये प्रथम येथेच आली. सुखोईची पहिली तुकडी १९९७ मध्ये येथेच दाखल झाली आणि सुखोई-३० एमकेआय हवाई दलात रीतसर सामील झाले तेही येथेच, २७ सप्टेंबर २००२ रोजी. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी जून २००६ मध्ये आणि प्रतिभाताई पाटील यांनी २५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, लोहगावहूनच सुखोईतून उड्डाण केले होते. विशेष पोशाख चढविलेल्या, हेल्मेट घेतलेल्या प्रतिभाताईंची छायाचित्रे त्या वेळी घरोघरी पाहिली गेली. पाहुण्यांसाठीचे उड्डाण अर्थातच सौम्य असते. परंतु त्या छायाचित्रांतील पोशाख नीट आठवला तर एक गोष्ट ध्यानात येते. हवा भरली की फुगणारा तो 'जी-सूट' पोट आणि पाय आवळून धरतो. रक्त खाली उतरू नये, मेंदूचा पुरवठा तुटू नये आणि वैमानिकाची शुद्ध हरपू नये यासाठी तो असतो. मानेसाठी त्यात काही नसते.

हा योगायोग नव्हे. शुद्ध हरपली तर विमान आणि माणूस दोन्ही काही सेकंदांत जातात. त्यामुळे हवाई वैद्यकाने आपली बुद्धी आणि पैसा प्रथम त्या संकटावर खर्च केला, हे स्वाभाविकच होते. बंगळुरूला १९५७ पासून कार्यरत असलेल्या हवाई दलाच्या वैद्यकसंस्थेत, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये, गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजवर वैमानिकांना अधिक 'जी' सोसण्याचे शिक्षण दिले जाते. पाय व पोट आवळून विशिष्ट पद्धतीने श्वास रोखण्याचे तंत्र तेथे घोटून घेतात. मान कोणाला एका दिवसात मारीत नाही. ती दहा-पंधरा वर्षांत हळूहळू निकामी करते, आणि हळूहळू होणारी हानी आपल्या व्यवस्थांना उशिराच दिसते.

दरम्यान मानेवरचे काम मात्र वाढत गेले. पूर्वी शत्रूवर नेम धरायचा तर अख्खे विमान त्याच्या दिशेने वळवावे लागे. मिग-२९ बरोबर हेल्मेटवरील नेमयंत्र आले आणि आर-७३ क्षेपणास्त्राला वैमानिक ज्या दिशेला पाहील ते लक्ष्य दाखविता येऊ लागले. सुखोईतही तशीच सोय आहे. तेजस आणि राफेलच्या वैमानिकाला तर हेल्मेटच्या काचेवरच माहिती दिसते. लष्करी दृष्टीने ही झेप मोठी आहे, पण तिचा दुसरा अर्थ असा की नेम धरण्याचे जे काम विमानाचे होते ते मानेकडे आले. हेल्मेट आता केवळ डोके वाचविणारे टोप राहिलेले नाही, ते शस्त्राचा भाग झाले आहे. त्याचे वजन पुढच्या बाजूला वाढले की मानेच्या मागचे स्नायू सतत ताणलेले राहतात.

वजनाच्या या वाढीचा हिशेब न ठेवल्यास काय होते, हे अमेरिकेने अनुभवले आहे. एफ-३५ विमानाच्या अत्याधुनिक हेल्मेटबाबत २०१५ मध्ये असे आढळले की, आपत्काळी आसनासह बाहेर फेकले जाताना हलक्या चणीच्या वैमानिकाची मान मोडण्याचा धोका आहे. परिणामी १३६ पौंडांहून, म्हणजे सुमारे ६२ किलोंहून कमी वजनाच्या वैमानिकांना त्या विमानातून उडण्यास मनाई करावी लागली. हेल्मेट हलके करून आणि आसनात बदल करून २०१७ मध्ये ही मनाई उठली. जगातील सर्वांत खर्चिक शस्त्रप्रकल्प मानेपाशी येऊन अडला होता, तोही सारे काही तयार झाल्यावर. आपल्याकडे २०१६ मध्ये पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक हवाई दलात दाखल झाल्या आणि त्यानंतर ही संख्या वाढत आहे. स्त्रियांच्या मानेचे स्नायू सरासरीने कमी जाडीचे असतात, हेल्मेट मात्र सर्वांना त्याच वजनाचे मिळते. यातून स्त्रियांना रोखण्याचा निष्कर्ष काढणारे लोक भेटतील. वस्तुत: त्यातून निघतो तो हेल्मेटचे माप आणि वजन खरेदीच्या करारातच बांधून घेण्याचा निष्कर्ष, आणि त्याचा लाभ हलक्या चणीच्या पुरुषांनाही होईल.

गोव्याच्या आयएनएस हंसा तळावरील नौदलाच्या मिग-२९के वैमानिकांची कथा थोडी वेगळी. विमानवाहू नौकेवर उतरताना दोरात अडकून विमान अवघ्या दोन-तीन सेकंदांत थांबते आणि डोके पुढे फेकले जाते. एप्रिल २०२५ मध्ये करार झालेली २६ राफेल-एम विमाने आल्यावर हा झटका सोसणाऱ्यांची संख्या वाढेल.

वेगवान विमानांचे एवढे वर्णन झाल्यावर हेलिकॉप्टरचा वैमानिक सुखी असेल, असे कोणालाही वाटेल. तो ९ जीच्या वाटेला जात नाही. तरीही जगभरच्या पाहण्यांत हेलिकॉप्टर वैमानिकांमध्ये मानदुखी लढाऊ वैमानिकांइतकीच सर्रास आढळते. नाशिकला गांधीनगर येथे लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांना घडविणारी कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल ही संस्था आहे, त्यामुळे हा प्रश्नही महाराष्ट्राच्या दारातलाच. हेलिकॉप्टर चालविताना डावा हात खाली, आसनाशेजारच्या दांड्यावर, तर उजवा हात दोन पायांमधल्या दांड्यावर असतो. पाठ पुढे झुकते, हनुवटी पुढे येते आणि या अवस्थेत तासन्‌तास बसावे लागते. रात्रीच्या उड्डाणात हेल्मेटच्या पुढे नाइट व्हिजन गॉगल्स लटकतात आणि त्यांचा तोल सावरण्यासाठी मागच्या बाजूला वजन बांधावे लागते. म्हणजे डोके पुढे झुकू नये म्हणून ते आणखी जड करायचे! त्या गॉगल्समधून दिसणारे क्षेत्रही अरुंद असल्याने आजूबाजूचे पाहायला मान सतत फिरवावी लागते. या सगळ्याच्या जोडीला अखंड कंपने असतात.

ही कंपने शरीराला काय करतात, हे समजून घ्यायला लष्करी तळावर जाण्याची गरज नाही. नांदेडहून अर्धापूर ओलांडून पुढे गेले की हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाटा लागतो. येथे एक रस्ता कळमनुरी, हिंगोलीवरून अकोल्याकडे जातो आणि दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ, नागपूरकडे. विदर्भातून नांदेडकडे येणाऱ्या मालमोटारींचे दोन प्रवाह येथे एकत्र होतात. फाट्यावर थांबलेल्या चालकांकडे पाहावे. खाली उतरल्यावर चहा मागविण्याआधी हात मानेवर जातो. आसनातून शरीराला पोचणारी कंपने मोजण्यासाठी आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे आणि मालमोटारीचे आसन व हेलिकॉप्टरचे आसन दोन्ही त्याच मापाने मोजता येतात. कंपने सुरू असताना स्नायू सैल पडू शकत नाहीत. ते प्रत्येक हेलकाव्याला उत्तर देत राहतात आणि थकतात. मोटारीच्या चालकाच्या डोक्यावर निदान हेल्मेट नसते, आणि वाटेल तेथे गाडी बाजूला घेऊन उतरण्याची सोय त्याला असते.

या चालकाचे आणि वैमानिकाचे आणखी एका बाबतीत जमते, आणि माझ्या मते सर्व प्रश्नाचे मूळ तेथेच आहे. मान दुखते असे चालकाने मालकाला सांगितले तर त्याची खेप दुसऱ्याला मिळते, म्हणून तो सांगत नाही. वैमानिकही सांगत नाही. लष्करी वैमानिकाची वैद्यकीय श्रेणी ठरलेली असते आणि तक्रार नोंदविली की ती खाली येऊ शकते. श्रेणी खाली आली की उड्डाण थांबते. उड्डाण थांबले की प्रावीण्य, बढती, स्क्वाड्रनमधील स्थान हे सर्वच टांगणीला लागते. मग वेदनाशामक गोळी, कोणाच्या ओळखीचा फिजिओथेरपिस्ट, घरी तेलाचे मालिश, असे नोंदवहीबाहेरचे उपाय सुरू होतात. जगातील बहुतेक हवाई दलांत हेच आढळते. अमेरिकेच्या एफ-५, एफ-१५ आणि एफ-१६ वैमानिकांची पाहणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तीन महिन्यांच्या अवधीत मानेला तीव्र इजा झाल्याचे त्यांच्यापैकी सुमारे निम्म्या वैमानिकांनी त्यात सांगितले. वैमानिक आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्याजवळ जे बोलत नाही ते प्रश्नावलीत बोलतो, हे अशा पाहण्या करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे.

लपविण्याची ही किंमत आजच्या परिस्थितीत वाढली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार हवाई दलातील वैमानिकांची तूट २०१५ मध्ये ४८६ होती, ती २०२१ च्या अखेरीस ५९६ वर गेली. माणसे कमी असली की एकाला विश्रांती देणे म्हणजे दुसऱ्यावर दुप्पट भार टाकणे. हे जाणणारा वैमानिक सहकाऱ्यांना अडचणीत न आणण्याच्या भावनेनेही गप्प राहतो. आखडलेल्या मानेने उडणारा वैमानिक डोके फिरविण्याचे टाळतो, मागे कमी पाहतो आणि वळण सौम्य घेतो. विमान ९ जीचे असूनही त्याच्या हाती ते सहाचेच राहते. कागदावर स्क्वाड्रन पूर्ण असते.

याला एक कायद्याची बाजूही आहे आणि तिची चर्चा क्वचितच होते. सेवेतून निवृत्त होताना अपंगत्वाचा लाभ मिळण्यासाठी दुखणे सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे बळावले, हे ठरावे लागते. धर्मवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सैनिकाच्या बाजूने महत्त्वाचे तत्त्व मांडले: भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर ती सेवेत उद्भवली असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा. २०२३ मध्ये यासंबंधीचे नवे नियम लागू झाले आणि त्यांवरून माजी सैनिकांत नाराजीही उमटली. नियम कोणतेही असोत, ज्या वैमानिकाने पंधरा वर्षे मान दुखत नसल्याचे सांगितले, त्याच्या हाती चाळिशीनंतर एमआरआयच्या चित्राखेरीज काय राहणार? आणि मानेच्या मणक्यांची झीज वयानुसार सर्वांचीच होते, हे उत्तर तयारच असते.

उपाय महागडे नाहीत, हे या विषयातील सर्वांत आश्चर्याचे अंग. फिनलंडच्या हवाई दलाच्या संशोधकांनी वैमानिकांना एकीकडे स्नायूबळाचे व्यायाम आणि दुसरीकडे चक्क ट्रॅम्पोलिनवर उड्या मारण्याचे व्यायाम देऊन पाहिले. दोन्हींमुळे उड्डाणातील मानेच्या स्नायूंवरचा ताण कमी झाल्याचे त्यांना आढळले. स्वीडनमध्ये हेलिकॉप्टर वैमानिकांना मान व खांद्यांचे व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करायला लावले, तेव्हा मानदुखी घटली. डेन्मार्कचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. तेथे हेलिकॉप्टर कर्मचाऱ्यांना व्यायाम शिकवून ते ज्याचे त्याने करावेत असे सांगितले, तेव्हा नियमितपणा टिकला नाही आणि अपेक्षित फळही मिळाले नाही. कामाच्या वेळेत, वेळापत्रकात बसवून, शिकविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होणारा व्यायाम आणि 'घरी करा' म्हणून हाती दिलेला कागद यांतील फरक शाळेच्या कोणत्याही क्रीडाशिक्षकाने सांगितला असता.

म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा वीस-तीस मिनिटे, एक प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आणि काही साधी उपकरणे. ६२ हजार कोटींच्या करारापुढे ही रक्कम दिसणारही नाही. परंतु केवळ व्यायामशाळा उघडून भागणार नाही. तक्रार आणि उड्डाणबंदी यांची गाठ आधी सोडवावी लागेल. मान आखडली असे सांगणाऱ्या वैमानिकाला आठवडाभर कमी 'जी'ची उड्डाणे किंवा सिम्युलेटरवरचे काम द्यावे, उपचार स्क्वाड्रनच्या आवारातच मिळावेत आणि एवढ्यावरून त्याची श्रेणी हलू नये. दुखणे हातात उतरले, मुंग्या येऊ लागल्या, पकड सैल झाली, तर तो प्रश्न वेगळा. तेथे वैद्यकीय मंडळ हवेच. पहिल्या पायरीवरच दंड असला तर कोणी पहिल्या पायरीवर येत नाही आणि थेट शेवटच्या पायरीवर सापडतो. शिस्तीच्या नावाखाली या सवलतीला विरोध होईल. त्या विरोधकांनी एक पूर्ण तयार वैमानिक कायमचा जमिनीवर आला तर त्याच्या शिक्षणावरील किती कोटी वाया जातात, याचा हिशेब करून पाहावा.

दुसरे काम मोजण्याचे. मानेचे बळ मोजण्याची साधी उपकरणे उपलब्ध आहेत. प्रशिक्षणात दाखल होताना, लढाऊ प्रवाहात जाताना आणि पुढे दरवर्षी हे माप घेतले तर घसरण वेदनेच्या आधी कळते. पुढे हक्काचा प्रश्न उभा राहिल्यास तीच नोंद वैमानिकाच्या कामी येते. नव्या तेजस विमानांचा पुरवठा २०२७-२८ पासून सहा वर्षांत व्हायचा आहे. त्यांतील काही विमाने चालविणारी मुले-मुली आज खडकवासल्याच्या प्रबोधिनीत पहाटेची दौड करीत आहेत आणि त्यांच्या माना अजून धडधाकट आहेत. पहिले माप आताच घेता येईल.